थरीदची वेळ कोणाची?

शंकेखोर: आधीच विचारून टाकते. मटणाचा रस्सा आणि त्यात मोडलेली वाळकी पोळी, यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे? ज्वारीची भाकरी ताटात कुस्करायची, मध्ये आळं करायचं, वर तांबडा रस्सा ओतायचा आणि बोटांनी कालवून खायचं, हे आपल्याकडे घरोघर चालतं. त्याला कोणी पदार्थ म्हणत नाही, ती जेवायची एक तऱ्हा आहे. उरलेल्या भाकरीचं काय करायचं, या प्रश्नावरचं ते उत्तर आहे. अरबांनी तेच केलं आणि त्याला थरीद असं नाव दिलं. आता आखातातल्या मोठ्या हॉटेलांत रमझानच्या संध्याकाळी तो वारसा म्हणून मांडला जातो. मला वाटतं, या पदार्थाचं मोठेपण त्याच्या चवीपेक्षा त्याच्याभोवती रचलेल्या कथांमध्येच जास्त आहे. कथा बाजूला ठेवल्या तर परातीत काय उरतं, ते सांगा.

हौशी: तुमच्या भाकरीपासूनच सुरुवात करू. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे रस्सा पडला की भाकरीचा लगदा होतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. थरीदची पोळी गव्हाची. अमिरातीत तिला रगाग म्हणतात. कणीक इतकी सैल की लाटता येत नाही. तिचा गोळा हातात धरून तापलेल्या लोखंडी तव्यावर फिरवायचा. तव्याला पातळ थर चिकटत जातो, उरलेला गोळा पुन्हा हातात. मिनिटाभरात तो थर कागदासारखा सुकतो आणि कडा उचलू लागतो. मग पात्यानं खरवडून सोडवायचा. ही पोळी उरली म्हणून वाळलेली नाही. वाळावी म्हणूनच केलेली आहे. ताजी मऊ पोळी रश्शात टाकून बघा, बाहेरून बुळबुळीत होते आणि आत रस्सा पोचत नाही, कारण तिच्यात पाणी आधीच भरलेलं असतं. वाळलेल्या पोळीत ती जागा मोकळी असते आणि ग्लुटेनचं जाळं भाजून पक्कं झालेलं असतं. ती आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त रस्सा पिते आणि तरीही तुकडा तुकडाच राहतो. उरलेलं संपवायची युक्ती असती, तर कोणी मुद्दाम तव्यापाशी घाम गाळत बसलं नसतं.

शंकेखोर: ठीक, पोळी मुद्दाम केलेली आहे हे मानलं. पण मग तुम्ही ‘पारंपरिक’ म्हणता त्याचं काय करायचं? दुबईत किंवा शारजात आज जो थरीद मिळतो, त्यात टोमॅटो असतो, बटाटा असतो, हिरवी कुसा, म्हणजे झुकिनी, असते, बऱ्याचदा मिरचीही असते. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी अरबस्तानात त्यांचा मागमूस नव्हता. मसाल्यात मिरे आणि दालचिनी, म्हणजे मलबार आणि सिलोन. 1966 पर्यंत दुबई-अबू धाबीत भारतीय रुपया चालत होता, शेवटची काही वर्षं तर रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी काढलेला. त्या काळात तिथल्या स्वयंपाकघरातला मसाला, तांदूळ, कापड असं बरंच काही मुंबईच्या गोदीतून जात होतं. म्हणजे तुमच्या ‘जुन्या अरबी’ पदार्थातलं अर्धं सामान समुद्रापलीकडचं. मग जुनं नक्की काय?

हौशी: जुनी आहे ती क्रिया, सामान नव्हे. पोळी आणि मांस एकत्र शिजवायचं नाही. मांस वेगळं शिजतं, पोळी वेगळी वाळते, आणि दोघांची भेट शेवटी परातीत होते. कच्च्या कणकेचे तुकडे रश्शातच शिजवले की तो मरगूग होतो. तोही आखातातला आवडता पदार्थ, पण त्याला कोणी थरीद म्हणणार नाही. टोमॅटो आला काय, गेला काय, ही सीमा हललेली नाही. पैगंबरांचे पणजोबा हाशिम यांच्याबद्दल जुनी परंपरा सांगते की मक्केत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी शामहून, म्हणजे सीरियाकडून, भाकरी लादून आणल्या, उंट कापले, मांस शिजवलं आणि भाकरी चुरून त्यावर रस्सा ओतून लोकांना जेवू घातलं. त्यात टोमॅटो नाही, लूमी म्हणजे वाळवलेलं काळं लिंबू नाही, मेंढीही नाही, उंट आहे. तरी क्रिया तीच. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकनं खलिफांच्या मुदपाकखान्याचं पुस्तक लिहिलं, त्यातही थरीदांना जागा आहे. दुष्काळातल्या लंगरापासून खलिफाच्या ताटापर्यंत जो पदार्थ जातो, त्याला नुसती कथा म्हणून कसं सोडता येईल?

शंकेखोर: तुम्ही जे उदाहरण दिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. हाशिमनं भाकरी चुरली ती चवीसाठी नव्हे. माणसं जास्त होती आणि मांस कमी. मांस वाटायला गेलं तर काहींच्या वाट्याला हाड, काहींच्या वाट्याला काहीच नाही. रस्सा केला आणि तो भाकरीत जिरवला की प्रत्येक घासाला मांसाची चव लागते, मग तुकडा मिळो न मिळो. हे टंचाईचं गणित आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, त्यांच्या पत्नी हजरत आयेशांचं इतर स्त्रियांमधलं श्रेष्ठत्व थरीदच्या इतर अन्नांमधल्या श्रेष्ठत्वासारखं म्हटलंय, हे मला माहीत आहे. ते वचन ज्या लोकांसमोर उच्चारलं गेलं, त्यांना जवाची भाकरी आणि खजूर हेच रोजचं होतं. मांसाचा रस्सा ही त्यांची चैन होती. आज आखातात मांस मुबलक आहे. परातीत पोळीचा थर पातळ आणि वर मांसाचा डोंगर. टंचाईतून जन्मलेला पदार्थ सुबत्तेत आला की त्याचा अर्थ उलटा होतो. जे पुरवायला केलं होतं ते आता मिरवायला होतं.

हौशी: अर्थ उलटा होतो हे काही अंशी खरं. पण चव टंचाईमुळेच घडली आणि ती आपल्या पायावर उभी आहे, हेही खरं. थरीद चांगला झाला की नाही ते मांसावरून ठरत नाही, पोळीवरून ठरतं. परातीपाशी बसलेला जाणता माणूस आधी पोळीला हात घालतो. मांसाचा डोंगर रचणारा यजमान पदार्थ बिघडवतोच, कारण त्या ओझ्यानं पोळी दबते. तुम्ही म्हणता ते टंचाईचं गणित मोडलं की पदार्थही मोडतो, म्हणजे ते गणित पाककृतीच्या आत शिरलेलं आहे. गरिबी गेली तरी प्रमाण पाळावं लागतं. सहा माणसांना हाडासकट दीड किलो मटण पुरतं. तीन किलो घातलं तर रस्सा दाट होईल, थरीद सुधारणार नाही.

शंकेखोर: दाट रस्सा वाईट कसा? आपल्याकडे तर रस्सा अंगाला लागला पाहिजे म्हणून वाटण घालतात.

हौशी: इथेच मराठी हात चुकतो. सुकं खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा यांचं वाटण आपल्या सवयीचं आहे, पण वाटणाचा रस्सा पोळीत शिरत नाही, वरच बसतो. थरीदचा रस्सा पाण्यासारखा पातळ हवा आणि तरी बेचव नको. म्हणून त्याचं अंग हाडांतून काढायचं. मेंढीचा खांदा, मान, नळी हे भाग घ्यायचे, कारण त्यांतल्या शिरा आणि पडदे मंद आचेवर दोन तास राहिले की विरघळतात आणि रश्शाला ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा येतो. तुपात कांदा तांबूस करायचा, मटण परतायचं, बझार मसाला घालायचा. धने, जिरे, मिरे, दालचिनी, हळद असा तो असतो. मग तीन लिटर आधणाचं पाणी. फेस येईल तो काढत राहायचं. मीठ एरवीपेक्षा थोडं चढं, कारण पोळी अळणी असते आणि ती मीठ पिऊन टाकते. गाजर आणि बटाटा शेवटच्या अर्ध्या तासात, कुसा किंवा दुधी त्याच्याही नंतर. दुधी नवा नाही बरं का. एका शिंप्यानं पैगंबरांना जेवायला बोलावलं, जवाची भाकरी आणि सुक्या मांसाचा दुधी घातलेला रस्सा होता, आणि ते भांड्याच्या कडेकडेनं दुधीच्या फोडी शोधत होते, अशी हदीस आहे. बटाटा काढा हवं तर, दुधी राहू द्या.

शंकेखोर: आणि ती काळी लिंबं? मला तर तो कडवटपणा औषधासारखा वाटतो. शिवाय दोन तास मंद आचेवर कोण बसणार? कुकरच्या चार शिट्ट्यांत मटण शिजतं. त्यानं पदार्थ खोटा ठरतो का?

हौशी: कुकरचा सोवळेपणा मी पाळत नाही. मटण कुकरमध्ये शिजवा, फक्त लूमी त्यात घालू नका. ओमानकडे लहान लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. आतला रस आटून साल काळी पडते, फळ पोकळ आणि हलकं होतं. इराकात त्यालाच नूमी बसरा म्हणतात. त्याला दोन ठिकाणी भोसकायचं, नाहीतर ते रश्शावर नुसतं तरंगतं. बिया काढता आल्या तर काढायच्या, कडूपणा बराचसा त्यांचाच असतो. मग रस्सा चाखत राहायचा. आंबटपणा आणि त्यामागचा किंचित कुबट, धुरकट वास उतरला की लिंबं बाहेर. बंद कुकरमध्ये हे चाखणं जमत नाही, म्हणून लूमी झाकण उघडल्यावर. मेंढीची चरबी जड असते, तिला हा आंबटपणा कापतो. आपण ज्याला सरसकट मटण म्हणतो ते महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बोकडाचं असतं आणि बोकडाला चरबी कमी. तिथे दोन लूमी सोडून एकच पुरेल. तुम्हाला औषध वाटलं ते कदाचित बोकडाच्या रश्शात मेंढीच्या हिशेबानं घातल्यामुळे.

शंकेखोर: बरं, क्रियेवर येऊ. तुमच्या मते क्रिया म्हणजे वाळकी पोळी आणि गरम रस्सा यांची शेवटी झालेली भेट. तसं असेल तर इराकचा तश्रीब थरीदच. बकरी ईदेला इजिप्तमध्ये भाजक्या रोटीवर रस्सा आणि भात घालून, लसूण-व्हिनेगरची फोडणी देऊन फत्ता करतात, तोही थरीदच. मोरोक्कोत बाळंतिणीला मेथी आणि मसूर घातलेल्या कोंबडीच्या रश्शाखाली पोळीचे तुकडे घालून रफीसा देतात, तोही. तुर्कस्तानचा तिरित तर नावानंही नातेवाईक. चीनमध्ये शिआनला मुसलमान खानावळींत गिऱ्हाईक स्वतः कडक रोटीचे चण्याएवढे तुकडे करून वाडगा आत पाठवतं आणि आचारी त्यात मेंढीचा रस्सा घालून देतो, मग तेही तुमच्या यादीत घ्या. क्रिया इतकी सर्वत्र असेल तर अरबी म्हणजे काय उरलं? तुम्ही पदार्थ वाचवायला गेलात आणि त्याची हद्दच पुसून टाकलीत.

हौशी: हद्द पुसली नाही, ती दुसरीकडे आहे. या सगळ्यांत पोळी आणि रस्सा कधी भेटतात ते एक. पण किती भेटतात, हा दुसरा प्रश्न, आणि इथे ते एकमेकांपासून वेगळे होतात. फत्त्यात रोटी आधी तळून किंवा भाजून कुरकुरीत ठेवतात, ती पूर्ण भिजू नये अशीच इच्छा असते. तश्रीबमध्ये जाड खुब्ज, म्हणजे रोटी, पार मऊ होईपर्यंत भिजवतात. शिआनच्या वाडग्यात तुकडे आत गेल्यावर रश्शाबरोबर पुन्हा शिजतात. आखाती थरीद या दोन टोकांच्या मध्ये आहे. पोळीचा एक थर पसरायचा, पळीनं रस्सा कडेकडेनं आणि मग मध्ये ओतायचा, वर दुसरा थर, पुन्हा रस्सा, पण पहिल्यापेक्षा कमी. रश्शावर आलेला तुपाचा-चरबीचा तवंग आधी बाजूला काढून ठेवायचा, कारण तो पहिल्यांदा पडला तर पोळीवर पापुद्रा धरतो आणि रस्सा आत जात नाही. तवंग सगळ्यात शेवटी वरून. तळचा थर पूर्ण भिजलेला, मधला भिजून अजून धरून राहिलेला, वरच्या कडा दाताखाली थोड्या कुरकुरणाऱ्या. एका घासात हे तिन्ही यायला हवेत. ही हद्द चवीची आहे, देशाची नाही.

शंकेखोर: म्हणजे हद्द मिनिटांची झाली. तळचा थर भिजलाय आणि वरचा अजून भिजायचाय, ही अवस्था किती वेळ टिकते?

हौशी: फार थोडा वेळ. दहा मिनिटं, मोठी परात असेल तर पंधरा. त्यानंतर वरची कडा खाली बसते आणि सगळं एकसारखं मऊ होतं. दुसरीकडून चरबी थंड होऊ लागते, आणि मेंढीची चरबी कोंबडीच्या चरबीसारखी माफ करत नाही, कोमट झाली की टाळूला चिकटते. म्हणून मी म्हणतो की थरीदमध्ये शेवटचा जिन्नस माणसं आहेत. पंगत बसल्याशिवाय रस्सा ओतायचा नाही. याचा एक पुरावा आपल्या शेजारीच आहे. येमेनमधल्या हद्रमौतहून आलेले अरब निजामाच्या चाकरीत होते, हैदराबादेत बारकसला त्यांची वस्ती आहे. त्यांच्या हरीसनं, म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेल्या पदार्थानं, तिथे मूळ धरलं आणि त्याच परंपरेतून हैदराबादी हलीम मोठं झालं, 2010 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. 2023 मध्ये अमिरात, ओमान आणि सौदी अरेबियाच्या हरीसची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. हरीस-हलीम भट्टीवर तासन्‌तास थांबतं, उलट घोटून घोटून सुधारतं, म्हणून ते बाजारात आलं. थरीदचं तसं दुकान मांडता येत नाही. कढईत तयार करून गिऱ्हाइकाची वाट पाहिली की तो संपला. हॉटेलांत मांडला तरी तो घराचाच पदार्थ राहिला, कारण त्याला माणसं आधी लागतात.

शंकेखोर: आता तुम्ही मला हवं ते बोललात. पंगत आधी बसते, मग रस्सा ओतला जातो. ओततं कोण? तव्यापाशी बसून रगाग कोणी केल्या, लूमी चाखत कोण उभं राहिलं? जुन्या अरब घरांत, आणि मोठ्या जेवणावळीत अजूनही, पुरुष पाहुण्यांची परात आधी जाते, बायकांची पंगत वेगळी किंवा नंतर. मोठ्या परातीत पाहुण्यांचं उरतं तेच पुष्कळदा आत परत येतं. तुम्ही ज्या दहा-पंधरा मिनिटांचं एवढं रसभरित वर्णन केलंत, ती मिनिटं स्वयंपाक करणारीच्या वाट्याला आलीच नाहीत. तिनं जो थरीद खाल्ला तो तुमच्या व्याख्येनं बिघडलेला, सगळा मऊ झालेला, गार पडत चाललेला. मग तुमची व्याख्या कोणाची आहे? पाककृती पाहुण्याच्या जिभेनं लिहिली गेली आणि करणारीच्या हातानं पाळली गेली. आपल्याकडच्या गरम पोळीचंही तेच आहे, पण आपण निदान त्याला वारसा म्हणत नाही.

हौशी: हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो पदार्थाबाहेरचा नाही, पदार्थाच्या गाभ्यातला आहे. थरीद ताबडतोब खावा लागतो म्हणूनच कोणी तरी त्या ताबडतोबीच्या बाहेर राहतं. पण एक सांगतो. आखातातल्या घरांत अनेक जण मुद्दाम उरलेला, पार मुरलेला थरीद पसंत करतात. त्यात लूमीचा आंबटपणा पोळीत उतरलेला असतो, मसाला बसलेला असतो, पुन्हा थोडं गरम पाणी मारून तो मऊसूत करून खातात. तो बिघडलेला आहे हे मी पंगतीच्या बाजूनं म्हटलं. आतल्या खोलीच्या बाजूनं तो कदाचित खरा थरीद असेल आणि बाहेरचा नुसता कच्चा. म्हणजे एकाच परातीत दोन पदार्थ आहेत, एक आधीचा, एक नंतरचा.

शंकेखोर: हे ऐकायला छान आहे, पण यात एक सोय लपलेली आहे. ज्याला पहिलं मिळत नाही त्यानं दुसऱ्याची गोडी लावून घेतली, आणि आता आपण त्या गोडीला निवड म्हणतो. निवड तेव्हा म्हणता येईल जेव्हा करणारीला दोन्ही थरीद मिळाले असतील आणि तिनं दुसरा उचलला असेल. मी असं म्हणत नाही की मुरलेला वाईट. मी म्हणते, तो चांगला आहे हे सांगायचा अधिकार ज्यांनी पहिला खाल्लाय त्यांना नाही.

हौशी: मान्य. मग उपाय पाहू. शिआनची पद्धत घ्या. प्रत्येकानं आपल्या वाडग्यात वाळकी पोळी मोडावी, रस्सा मध्ये उकळत असावा, ज्याला हवा तेव्हा त्यानं ओतून घ्यावा. करणारी सगळ्यांबरोबर बसते, तिची मिनिटं तिला मिळतात, ज्याला कुरकुरीत हवं त्याला कुरकुरीत, ज्याला मुरलेलं हवं त्याला मुरलेलं. तव्यापाशी बसायची गरज नाही, वाळलेल्या रगाग पाकिटात मिळतात, दुबई-शारजात मराठी घरं त्या भेळेसारख्या मोडून खातात हेही मी पाहिलंय. अडचण सुटली की नाही?

शंकेखोर: सुटली, पण थरीद गेला. तुम्हीच म्हणालात की तळचा थर, मधला थर आणि वरची कडा एका घासात यायला हवेत. वाडग्यात मूठभर पोळी, तिला थर कुठून येणार? थर परातीत येतात, आणि परात अनेकांची असते. पैगंबरांसमोर थरीदचं भांडं आलं तेव्हा कडेनं खा, मधून नको, बरकत मध्ये उतरते, असं त्यांनी सांगितल्याची हदीस आहे. ती शिस्तही एका भांड्याभोवती बसणाऱ्यांसाठीच आहे. प्रत्येकजण आपल्या कडेपासून मध्याकडे येतो, मधला भाग सगळ्यात शेवटी संपतो, तोवर तो मुरत राहतो. एकत्र परात म्हणजे वेगवेगळ्या वेळा एकाच भांड्यात. वाडगे केलेत की प्रत्येकाला आपली वेळ मिळेल, पण पदार्थ जे करत होता ते बंद होईल. आणि हे मी करणारीच्या बाजूनं बोलत असूनही मला कबूल करावं लागतंय.

हौशी: मग लहान घर. नवरा, बायको, एखादं मूल, एखादी आई. ज्यानं ओतायचं तो ओतून लगेच बसतो, कारण उठून वाढायला आणखी कोणी नाही. आज अबू धाबीच्या इमारतींत असंच होतं, पुण्यात कोणी केला तर तिथेही असंच होईल. ओतणारा पंगतीत आणि परात एकच.

शंकेखोर: आणि चार माणसांसाठी रस्सा किती कराल? मघाशी तुम्ही सहांसाठी दीड किलो हाडाचं मटण सांगितलंत. चारांसाठी एक किलो. नळी एक, मान नाही, खांद्याचा तुकडा. रश्शाला अंग येण्यासाठी हाडं लागतात आणि हाडांना माणसं लागतात. परात लहान झाली की थर उथळ होतात, सगळं एकदमच भिजतं. म्हणजे करणारीला पंगतीत बसवायचं तर माणसं कमी हवीत, आणि थरीद व्हायचा तर माणसं जास्त हवीत. माणसं जास्त झाली की पुन्हा कोणाला तरी उभं राहावं लागतं.

हौशी: उभं राहणं पाळीपाळीनं वाटून घेतलं तर?

शंकेखोर: पाळी वाटायची तर ओतायला यायला हवं. तुमच्यासारखे जाणते पंगतीत बसून पोळीला हात घालतात आणि बरा-वाईट ठरवतात. कडेनं रस्सा ओतायला, तवंग मागे ठेवायला, पहिल्यापेक्षा दुसऱ्या थराला कमी द्यायला त्यांच्यापैकी किती शिकले, ते विचारा. पाळी मान्य करणं सोपं आहे. त्यासाठी ज्यांना चव कळते त्यांना पळी धरावी लागेल, आणि पळी धरणाऱ्याची ती दहा मिनिटं गेली की त्याला समजेल, की आपण इतकी वर्षं ज्याला थरीद म्हणत आलो तो दुसऱ्याच्या उपाशी उभं राहण्यावर बसलेला होता. तेव्हाही तो त्याला इतकाच आवडेल का, हे मला खरंच माहीत नाही.

हौशी: मलाही नाही. पण आता निदान प्रश्न बरोबर मांडला गेला. थरीद जुना की नवा, अरबी की सगळ्यांचा, हे वाद सामानाचे होते, ते मिटतील. रस्सा ओतणारा आणि पहिला घास घेणारा एकच माणूस असू शकतो का, आणि असला तर परात तेवढीच मोठी राहील का, याचं उत्तर कुठल्याही पाककृतीत लिहिलेलं नाही. ते करून पाहावं लागेल, आणि मी करून पाहायचं तर पंगतीत नाही, पळीपाशी.